सुक्यातून नेलेले पाहुणे

१२ जून

तीर्थरूप नानांना,

साष्टांग नमस्कार घालायला माझ्या खोलीची लांबी पुरत नाही, म्हणून उभ्यानेच करते आहे.

आई म्हणाली, "त्यांना पत्र लिहू नकोस, उघडणार नाहीत." नका उघडू. गेले अकरा महिने तुम्ही माझ्याशी बोलत नाही, त्यात मला एक फायदा सापडला आहे. मध्ये तोडणारं कोणी नसलं की माणूस वाक्य पूर्ण करायला शिकतो.

तर कळवायचं ते असं की तुमची सत्तेचाळीस वर्षांची लेक, बावीस वर्षांचा संसार आणि चोवीस वर्षांची कायम नोकरी मागे टाकून एका बेटावर मास्तरीण झाली आहे. नेमणूक एका वर्षाची. सामान तीन पेट्या. त्यातली एक उतरवताना समुद्रात पडली, ती बोटवाल्याने गळ टाकून ओढून काढली. भूगोलाची पुस्तकं अजून दोरीवर वाळताहेत. तुमचा नातू वसतिगृहात पोचला. "पोचलो" एवढाच निरोप आला. बोलण्यात तो आजोबांवर गेला आहे.

घर का सोडलं ते या पत्रात नाही. त्यासाठी तुम्हाला तोंड उघडावं लागेल.

शाळा बेटाच्या उत्तर टोकाला आहे. एक खोली, एक पडवी, पहिली ते सहावीची एकोणीस मुलं आणि शिक्षक म्हणून मी एकटी. धक्का, दुकानं, दवाखाना आणि मोठी शाळा दक्षिण टोकाला. दोन्हींच्या मध्ये खाडी आणि खाडीवर एक जुना दगडी बांध. मुलं त्याला नुसता "बांध" म्हणतात आणि म्हणताना आधी पाण्याकडे बघतात.

पहिल्याच आठवड्यात माझी फजिती झाली. मी भरती-ओहोटीचा धडा घेतला. चेंडू म्हणजे पृथ्वी, लिंबू म्हणजे चंद्र, कंदील म्हणजे सूर्य. चोवीस वर्षं घासलेला धडा, कुठे अडखळायचा प्रश्नच नाही. शेवटी विचारलं, काही शंका? सहावीतली एक उंच, काटकुळी पोरगी उठली. तिला सगळे फूटपट्टी म्हणतात. म्हणाली, "बाई, मग आज बांधावर पाणी किती वाजता चढेल?"

मला सांगता येईना. छापील वेळापत्रक होतं, ते काढून वाचलं आणि ऐटीत म्हटलं, साडेपाचला. तेवढ्यात परत येऊ म्हणून चार वाजता दुकानात निघाले. ते वेळापत्रक पलीकडच्या मोठ्या बंदराचं होतं, बेटावर पाणी तासभर आधी चढतं. परतताना बांधाच्या मध्यावर कंबरेपर्यंत पाण्यात, डोक्यावर हजेरीपट आणि साखरेची पिशवी, एक चप्पल गेली वाहून. अर्धी शाळा काठावर उभी राहून बघत होती. हसलं मात्र कोणी नाही. दुसऱ्या दिवशी फूटपट्टीने मला एक वही आणून दिली. तिच्या आजोबांकडून विचारून तिने महिन्याभराच्या वेळा लिहून आणल्या होत्या. वर लिहिलं होतं, "बाईंसाठी."

नाना, मला इतकी लाज वाटली आणि इतकं बरं वाटलं, दोन्ही एकदम.

तुमची


२९ जून

तीर्थरूप नानांना,

आई सांगत होती की पहिलं पाकीट तुम्ही फेकलं नाहीत, चष्म्याच्या घराखाली ठेवलंत. पुढच्या खेपेला घर मोठं घ्या, पत्रं जाड होत जाणार आहेत.

मी इथे रोज दुपारी मुलांबरोबर बेट बघायला निघते. शाळेच्या भिंतीवर बेटाचा एक सरकारी नकाशा आहे, तो आम्ही पाठ केला आणि मग त्याच्याशी भांडायला बाहेर पडलो. नकाशात आहे ती विहीर आता नाही. नकाशात नाही ती टेकडी आहे, आणि चांगली दमछाक करणारी आहे. एके ठिकाणी मातीत इतके खेकडे आहेत की पाऊल ठेवायला त्यांची परवानगी लागते. चौथीतला एक जण प्रत्येक झाडाला हात लावून मोजतो. का मोजतोस विचारलं तर म्हणाला, "कोणीतरी विचारलं तर?" हा मुलगा तुमच्या शिक्षणखात्यात, तपासणीच्या कामाला शोभला असता.

मी चोवीस वर्षं खाड्या, पुळणी, खारफुटी शिकवल्या, नाना, आणि त्यातलं एकही पायाखाली घेतलं नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकल्या. आता माझ्या पोटऱ्या दगडासारख्या झाल्यात आणि झोप अशी लागते की सकाळी मुलांना कडी वाजवावी लागते. आरशात बघते तर एक काळी, वाळलेली, खूश बाई दिसते.

हे तुम्हाला आवडणार नाही, पण खरं आहे.

तुमची


२१ जुलै

नाना,

आज नमस्कार नाही. आज मी रागावले आहे.

गेल्या आठवड्यात शिक्षणखात्याचं पत्र आलं. पुढच्या वर्षीपासून उत्तरेची शाळा बंद. मुलांनी दक्षिणेच्या मोठ्या शाळेत जायचं, कारण "अंतर अवघे दोन किलोमीटर असून वाट सुगम आहे, असे प्रत्यक्ष पाहणीत आढळले आहे."

मोठी शाळा सकाळी साडेसातला भरते, साडेबाराला सुटते. त्या वेळी बांधावर पाणी असलं की मुलं जाणार कशी? टेकडीवरून वळसा घातला तर दोन-अडीच तास. पहिलीतली पोरं तो वळसा घालणार नाहीत, घरी बसतील. मोठ्या मुली तर कायमच्या बसतील. फूटपट्टीच्या आईने मला सरळ सांगितलं, "बाई, शाळा इथे आहे तोवर ती शिकेल. तिकडे गेली तर मी पाठवायची नाही. तिची मोठी बहीण वाहून जाता जाता वाचली आहे."

मी विचार करत बसले, ही प्रत्यक्ष पाहणी केली कोणत्या शहाण्याने? शाळेचं कपाट उपसलं. तळाला जुनी शेरेवही होती, येणारे अधिकारी जिच्यात शेरा लिहून सही करतात ती. एकवीस वर्षांपूर्वीचं पान.

"उत्तर व दक्षिण शाळांमधील अंतर सुमारे दोन किलोमीटर. वाट सपाट, कोरडी व लहान मुलांना जाण्यायोग्य. मी स्वतः चालून पाहिली आहे."

खाली तुमची सही. खाडाखोड नाही. तुमच्या शेऱ्यात खाडाखोड नसते हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो.

मी ती वही घेऊन बोटवाल्याकडे गेले. म्हातारा जाळं विणत होता. त्याला तुम्ही आठवता. म्हणाला, "उंच साहेब. चहात साखर नको म्हणणारे." मी म्हटलं, तुम्ही त्यांना बांधावरचं पाणी दाखवलं नाहीत? तो माझ्याकडे असा बघत राहिला, जसं काही मी पाहुण्याच्या ताटात दगड वाढायला सांगितलं.

"बाई, साहेब आले की आम्ही त्यांना सुक्यातून नेतो. पाहुण्याला ओल्यातून कोण नेईल?"

मग सगळं उलगडलं. धक्क्याला बोट फक्त भरतीला लागते. म्हणून साहेब येतात ते सकाळच्या भरतीला आणि जातात ते संध्याकाळच्या भरतीला. सकाळी उतरले की चहा, नाश्ता, मोठ्या शाळेची तपासणी, जेवण. तोवर दुपार होते, पाणी ओसरतं, आणि मग त्यांना बांधावरून इकडे आणतात. बूट कोरडे, वाट कोरडी, शेराही कोरडा. तुम्हीच नव्हे, तुमच्या आधीचे आणि नंतरचे सगळे साहेब असेच आले आणि असेच गेले. ज्या सकाळी साहेब चहा पितात, नेमक्या त्याच सकाळी बांध बुडालेला असतो, आणि साहेबांपुढे घरचं गाऱ्हाणं काढायचं नाही म्हणून कोणी ब्र काढत नाही.

तुम्ही खोटं लिहिलं नाहीत. तेच तर अवघड आहे. खोटं असतं तर मी तुमच्याशी भांडले असते. आता कोणाशी भांडू?


१८ सप्टेंबर

तीर्थरूप नानांना,

नमस्कार. राग गेलेला नाही, पण बातमी मोठी आहे आणि ती सांगायला तुमच्याइतका जाणकार माणूस माझ्याकडे दुसरा नाही.

आम्ही बेट मोजलं. खरोखर मोजलं. वीस मीटरची दोरी, टोकांना दोन मुलं, मध्ये एक ओरडणारा, एक लिहिणारा. बांधावरून एक किलोमीटर नऊशे मीटर. म्हणजे अंतरात तुम्ही चुकला नव्हता, शाबास. टेकडीवरून सहा किलोमीटर चारशे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा.

मग बांबूची काठी घेऊन तिच्यावर बोटाबोटाच्या खुणा केल्या. रोज सकाळी सात वाजता आणि दुपारी साडेबाराला बांधाच्या मध्यावर पाणी किती, हे फूटपट्टीने आणि तिच्या आजोबांनी जाऊन मोजलं. आजोबा कमरेला दोरी बांधूनच तिला सोडतात. शाळेचे बेचाळीस दिवस, एकही चुकला नाही. तापात सुद्धा गेली पोरगी. मला कळल्यावर मी ओरडले, तर म्हणते, "बाई, एक दिवस गाळला तर ते म्हणतील बाकीचेही मनाने लिहिलेत."

बेचाळीसपैकी पंचवीस दिवस, जाताना किंवा येताना, पाणी गुडघ्याच्या वर. त्यातले अकरा दिवस माझ्या कमरेच्या वर.

मुलांनी नवा नकाशा काढला. भरतीचं बेट निळ्या रेघेने, ओहोटीचं तांबड्या रेघेने. झाडं मोजणाऱ्या पोराची झाडंही त्यात आहेत, काढू नकोस म्हटलं तर रडायला लागला. इतकं स्वच्छ, इतकं खरं काम मी माझ्या उभ्या नोकरीत कोणाकडून करून घेतलेलं नाही. माझ्या जुन्या शाळेत मुलं बोर्डात यायची, तेव्हाही छाती अशी फुगली नव्हती.

सगळं बांधून खात्याला पाठवलं. उत्तर काल आलं. तीन ओळी. "विद्यार्थ्यांनी केलेली मोजणी ग्राह्य धरता येत नाही. पूर्वीच्या अधिकाऱ्यांची प्रत्यक्ष पाहणी अभिलेखात आहे." पण एक दार उघडं ठेवलं आहे. चोवीस ऑक्टोबरला नवीन शिक्षणाधिकारी बाई शेवटची पाहणी करायला येणार आहेत.

मी वर्गात उत्तर वाचून दाखवलं. मग फूटपट्टी म्हणाली, "पाण्याला फसवता येत नाही बाई. साहेबांना येतं."

तर मागणं असं: त्या पाहणीच्या आधी तुम्ही खात्याला एक ओळ लिहून पाठवा. मी ओहोटीला गेलो होतो, भरतीचा बांध मी पाहिलेला नाही, एवढंच. तुमच्या शब्दाला अजून वजन आहे. एकोणीस मुलांच्या बेचाळीस दिवसांपेक्षा जास्त आहे, हे आता लेखी आलं आहे.

तुमचीच


५ ऑक्टोबर

तीर्थरूप नानांना,

तुमची ओळ खात्यात पोचलेली नाही. मी चौकशी केली.

आई फोनवर म्हणाली, "बोलत काही नाहीत. पण काल जेवताना विचारत होते, तिच्याकडे चोवीस तारखेला भरती किती वाजता." सकाळी सात वाजता. आईजवळ सांगून ठेवलं आहे.

मला माहीत आहे तुम्हाला काय अडतंय. चौतीस वर्षांत एक शेरा मागे घेतला नाही, तो आता सत्त्याहत्तराव्या वर्षी घ्यायचा, तोही घर सोडून गेलेल्या मुलीच्या सांगण्यावरून. म्हणून आज ते लिहिते, जे लिहिणार नाही म्हटलं होतं.

तुमच्या जावयांनी मला कधी मारलं नाही. शिवी दिली नाही. बावीस वर्षं मी बोलायला लागले की पेपर उघडला. मी आजारी पडले तर "डबा कोण करणार" विचारलं. मला मुख्याध्यापिकेची जागा मिळत होती, ती मला न विचारता नको म्हणून कळवली. एवढंच. सांगायला गेलं तर काहीच नाही, आणि राहायला गेलं तर श्वास घेता येत नाही.

तुम्ही महिन्यातून एकदा जेवायला यायचात. मी आदल्या दिवसापासून घर लावायचे. त्यांना म्हणायचे, नाना येताहेत, जरा बोला. तेही बोलायचे, तुमच्याशी राजकारणावर तास तास. तुम्ही जाताना आईला म्हणायचात, "छान चाललंय पोरीचं." मग मी निघून आले तेव्हा तुम्हाला वाटलं, पोरगी वेडी झाली. दारात म्हणालात, "मला विचारायचं तरी होतंस," आणि पाठ फिरवलीत.

नाना, तुम्हाला सुक्यातून मीच नेत होते. बेटावरच्या माणसांना मी कोणत्या तोंडाने बोलू? पाहुण्याचे पाय ओले होऊ नयेत म्हणून मी बावीस वर्षं तेच केलं. तुमचा शेरा चुकला, पण त्यात माझा हात होता.

तुम्हाला ओळ लिहावीशी वाटली नाही तर नका लिहू. मी चोवीसला अधिकारी बाईंना सकाळीच बांधावर उभं करणार आहे. चहा नाही, नाश्ता नाही, आधी बांध. बोटवाला म्हणतो, "गावाची अब्रू जाईल." म्हटलं, जाऊ दे, शाळा राहील.

तुमची


१ नोव्हेंबर

तीर्थरूप नानांना,

शिरसाष्टांग. आज पडवीत जागा करून, खरोखर घातला. मुलं हसली.

तुम्ही सगळं डोळ्यांनी पाहिलंत, तरी माझ्या बाजूने काय दिसलं ते लिहून ठेवते, कारण तुम्ही संध्याकाळच्या बोटीने गेलात आणि आपलं बोलणं झालं ते पाच मिनिटांचं.

सकाळी सातला मी धक्क्यावर उभी होते, आदल्या ओहोटीलाच बांध ओलांडून आले होते. अधिकारी बाई उतरल्या. त्यांच्यामागे बोटवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून एक उंच म्हातारा उतरला, आणि मला आधी वाटलं की ऊन डोळ्यांवर येतंय. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. बाईंना म्हणालात, "चला, चहा नंतर." मी पाठ करून ठेवलेलं वाक्य माझ्या तोंडातच राहिलं.

बांधाच्या पलीकडे अठरा मुलं ओळीने उभी होती, गणवेशात, दप्तरं पाठीला. एकोणिसावी मध्यावर, छातीएवढ्या पाण्यात, आजोबांच्या दोरीला बांधलेली, हातात काठी. अधिकारी बाई म्हणाल्या, "अरे बापरे, तिला बाहेर काढा आधी." तुम्ही बूट काढले. मोजे काढून बुटात घडी करून ठेवलेत. विजार न दुमडता सरळ पाण्यात शिरलात. मी "नाना!" म्हणून ओरडले, ती आपली सव्वा वर्षातली पहिली हाक, आणि तुमच्या मागून मीही उतरले.

तुम्हाला प्रवाह ओढत होता. बोटवाल्याने एक हात धरला, दुसरा मी धरला. मध्यावर पोचलात, तेव्हा फूटपट्टी तुमच्यापुढे काठी करून म्हणाली, "आजोबा, तुम्हीच वाचा. माझं धरत नाहीत." तुम्ही चष्मा पुसलात, वाकलात, खुणा मोजल्यात, आणि काठावर ऐकू जाईल अशा त्या जुन्या तपासणीच्या आवाजात सांगितलंत, "अठ्ठेचाळीस बोटं. हिच्या तळहातावरही अठ्ठेचाळीसच लिहिलंय. बाई, लिहून घ्या. एकवीस वर्षांपूर्वी मी इथे आलो तेव्हा पाणी उतरल्यावर आलो. माझा शेरा चूक आहे."

पलीकडच्या काठावर टाळ्या वाजल्या. झाडं मोजणारा नंतर म्हणाला, त्याने सुरू केल्या.

संध्याकाळी धक्क्यावर तुम्ही म्हणालात, "तू मला सांगायला हवं होतंस." मी म्हटलं, "तुम्ही विचारायला हवं होतं." मग बोट लागेपर्यंत आपण दोघं तिथेच शेजारी बसलो. चढताना तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात, तो जरा जास्त वेळ ठेवलात.

आता बातमी. काल हुकूम आला. शाळा राहिली. अधिकारी बाईंनी मुलांचा नकाशा कार्यालयात लावला आहे, झाडांसकट. आणि माझी नेमणूक पुढे तीन वर्षं वाढवायची का असं विचारलं होतं, मी हो कळवून टाकलं. तुम्हाला विचारत नाही, सांगते आहे. सुट्टीत आईला घेऊन या, भरतीला की ओहोटीला ते तुमचं तुम्ही ठरवा.

हुकुमाबरोबर तुमच्या जबाबाची नक्कल आली. तो तुम्ही मोठ्या शाळेत बसून दिलात, मी तिथे नव्हते. वरती नाव, वय, हुद्दा असे रकाने आहेत. निवृत्त होऊन एकोणीस वर्षं झाली, पण गॅसच्या नोंदणीपासून दवाखान्याच्या चिठ्ठीपर्यंत तुम्ही "निवृत्त शिक्षणाधिकारी" लिहिल्याशिवाय सोडलेलं नाही. या कागदावर हुद्द्याच्या रकान्यात तुमच्या अक्षरात लिहिलंय, "उत्तरेच्या शाळेतल्या बाईंचा बाप."

बोटवाला साक्षीला होता, त्याने पुढचं सांगितलं. अधिकारी बाई म्हणाल्या, "सर, इथे हुद्दा लिहायचा असतो."

तुम्ही म्हणालात, "हुद्दाच लिहिलाय."

तुमची लेक